सातव्या गाडीचा ब्रेक

घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीसमोर सात गाड्या एकामागे एक उभ्या राहिल्या तेव्हा सकाळचे पावणेसात झाले होते, आणि जुईच्या खुर्चीचा पट्टा शाल्मलीने चार वेळा तपासून पाहिला होता. पट्टा घट्ट होता. आधीच्या तीन वेळाही तो घट्टच होता. पण आपण बघतोय तेवढ्यापुरताच तो घट्ट राहतो, पाठ वळली की सैल होतो, असं तिला आतून वाटत राहायचं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

जुई अडीच वर्षांची. निळ्या गाडीच्या मागच्या सीटवर तिची खुर्ची आवळून बसवलेली. एका हातात खारी आणि दुसऱ्या हातात खारीचा चुरा. बाबा कुठे, असं तिने टपरीपर्यंत येईतो पंचवीस वेळा विचारलं होतं. बाबा पुढे होता. सगळ्यांच्या पुढे, लाल गाडीत. आई सगळ्यांच्या मागे. मध्ये पाच गाड्या.

हाताने गाडी चालवायला बंदी येऊन त्या डिसेंबरात आठ वर्षं झाली होती. गाड्या आपल्या आपण चालायच्या, माणसं आत बसून झोपा काढायची किंवा भांडायची. अपघात इतके कमी झाले होते की तक्रार करायला तोंड उरलं नव्हतं. तरी काही माणसांचे तळहात शिवशिवायचे. गिअर टाकल्याशिवाय त्यांना रविवार हा रविवार वाटत नसे. अशांनी ओरडा केला म्हणून सरकारने एक खिडकी उघडी ठेवली. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सात ते दहा, करंजखिंडीचा घाट इतर वाहतुकीला बंद करायचा आणि परवाना असलेल्या क्लबांना द्यायचा. जुन्या गाड्या घेऊन या, स्वतःच्या हाताने चालवा. अट एकच, गाड्या माळेत हव्यात. आणि माळ सात गाड्यांची. सहा असतील तर परवाना रद्द.

कोल्हापूरच्या ‘वळणवेडे’ क्लबात शाल्मली शिरली ती या सातच्या आकड्यामुळे. सातव्या गाडीचे मालक गाडी विकून मुलाकडे बंगळूरला निघून गेले, आणि तिचा नवरा निहार सरनोबत, जो या क्लबाचा म्होरक्या होता, आठवडाभर जेवला नाही धड. सातवी गाडी मिळाली. ती चालवणारं माणूस मिळेना. शेवटी त्याने विचारलं नाही, नुसतं तिच्याकडे बघितलं. वर क्लबाचा रिवाजही सोयीचा निघाला. माळेचं तोंड आणि शेपूट एकाच घरातलं असावं, म्हणजे दोन्ही टोकांना एकमेकांची काळजी असते, असं जुने सभासद म्हणायचे. लाल गाडीला मागची सीट नव्हती, त्यामुळे जुई शेपटाकडे आली. शाल्मली नाही म्हणाली असती तर सहा माणसांचा रविवार गेला असता. आणि त्या सहांत निहार होता.

माळ म्हणजे काय, हे तिला तिच्या संख्याशास्त्राच्या पदवीमुळे इतरांपेक्षा जरा लवकर कळलं. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत माणसाचा साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ताशी पन्नासने जाणारी गाडी चौदा मीटर पुढे गेलेली असते. म्हणून दोन गाड्यांत अंतर ठेवावं लागतं, आणि अंतर ठेवलं की घोळक्याने वळणं घेण्यातली मजा जाते. माळेत प्रत्येक गाडीत चपलेच्या खोक्याएवढी पेटी बसवलेली असते. ती सातही जणांचे हात आणि पाय सेकंदाला दोनशे वेळा वाचते, त्यांचा एकच मेळ घालते आणि सगळ्या गाड्यांना तोच हुकूम सोडते. पहिली गाडी जिथून गेली तिथूनच सातवी जाते, त्याच वेगाने. मध्ये चार मीटर पुरतात.

हा मेळ म्हणजे साधी सरासरी नव्हती. सुरुवातीच्या एका चाचणीत कुणाच्या तरी गाडीत गांधीलमाशी शिरली, त्याने ब्रेक दाबला आणि सातही गाड्या भर वळणावर कर्रकन थांबल्या. तेव्हापासून पेटी प्रत्येक पायाचा भरवसा मोजायला लागली. तुम्ही ब्रेक दाबलात आणि पेटीच्या कॅमेऱ्यांना पुढच्या ऐंशी मीटरांत खरंच काही दिसलं, जनावर, दगड, माणूस, तर तुमचा भरवसा वाढायचा. काही दिसलं नाही तर घटायचा. आणि जेवढा भरवसा तेवढंच तुमच्या पायाला वजन. सात जणांत मिळून शंभर.

कुणाचं वजन किती, हे पेटी दाखवू शकत होती. वळणवेड्यांनीच ते बंद करून घेतलं होतं. पहिल्या वर्षी आकडे बघून दोन सख्ख्या मित्रांची बोलाचाल थांबली, म्हणून मग ठराव झाला की मानापमान नकोत, आकडे झाकलेलेच बरे. ठरावावर निहारची सही होती.

टपरीवर शाल्मली चहा हातात धरून उभी होती तेव्हा इंगवलेकाका तिच्याजवळ आले. चौथी गाडी त्यांची. गुळाचा धंदा मुलांवर सोपवलेला, पोट सुटलेलं, स्वभाव मोकळा.

“सूनबाई, आज जरा पाय सांभाळा,” ते म्हणाले. “मागच्या महिन्यात तुमच्यापायी माझा चिवडा सांडला.”

सगळे हसले. तीही हसली. मागच्या महिन्यात तिने ब्रेक किती वेळा दाबला हे तिला माहीत नव्हतं, पण परतताना निहार म्हणाला होता की तुझा पाय ब्रेकवर मुक्कामालाच असतो. एक लय असते गं, ती मोडते. तो चिडून बोलला नव्हता. चिडून बोलला असता तर भांडता आलं असतं.

सात वाजले तसा सातही जणांनी आपापल्या पडद्यावर होकार दिला, पडद्यावर सात हिरवे ठिपके उमटले आणि माळ उताराला लागली.

पहिली पाच वळणं सुंदर होती, हे तिलाही नाकारता आलं नसतं. कारवीचे दांडे वाळून तांबूस झालेले, खाली दरीत धुक्याची साय, आणि पुढच्या सहा गाड्या एका दोऱ्यात ओवल्यासारख्या डावीकडे, मग उजवीकडे झुकत चाललेल्या. तिच्या हातात स्टिअरिंग होतं. ते फिरायचं तेव्हा तिला वाटायचं मी फिरवलं. सहाव्या वळणावर तिने मुद्दाम बोटं सैल सोडून पाहिली. स्टिअरिंग आपल्या आपण फिरलं, वळण संपल्यावर सरळ झालं. तिने घाईघाईने पुन्हा मूठ आवळली.

मग तिने ब्रेकवर पाय ठेवला. उगाच, थोडासा. काही झालं नाही. अजून थोडा दाबला. पायाखाली पेडल खाली गेलं, हवेत दाबल्यासारखं. सहाव्या गाडीची डिकी काचेसमोर तेवढ्याच अंतरावर, तशीच धावत राहिली.

मागच्या महिन्यानंतर आपलं वजन कमी झालं असणार, हा अंदाज तिला होता. इतकं कमी असेल असं वाटलं नव्हतं.  मागे जुई गाणं म्हणत होती, शब्द नसलेलं. आरशात तिचं कपाळ आणि एक बूट दिसत होता. शाल्मलीने नेहमीसारखे तिचे श्वास मोजायचा प्रयत्न केला, पण चालत्या गाडीत ते दिसत नाहीत.

आठव्या वळणावर घाट स्वतःभोवती वळसा घेतो. तिथून दरीपलीकडे रस्त्याचा पुढचा पदर समोर दिसतो, जिथे तुम्ही दोन मिनिटांनी पोचणार असता. तिथे डोंगर कापून केलेली उभी भिंत होती. दर महिन्याला ती ही भिंत बघायची, कारण तिला बघण्यासारख्या सगळ्याच गोष्टी बघायची सवय होती. मागच्या महिन्यात ती कोरडी, राखाडी होती. आज तिच्यावर मधोमध एक काळपट ओला पट्टा उतरला होता. डिसेंबरात. दोन महिन्यांत थेंब पडलेला नसताना. पट्ट्याच्या तळाशी भिंतीचं पोट पुढे आल्यासारखं दिसत होतं, आणि रस्त्यावर तांबड्या पाण्याचा ओघळ आडवा गेला होता. ती बघत होती तेवढ्यात दोन बारके दगड उड्या मारत खाली आले आणि रस्त्यापलीकडे दरीत गेले.

वर पठारावर नव्या धरणाची मोठी पाइपलाइन टाकली होती, हे तिने बातमीत वाचलं होतं. ती फुटली असेल. नसेलही. पेटीला यातलं काहीच दिसणार नव्हतं. पेटीचे डोळे पुढच्या ऐंशी मीटरांपुरते, आणि त्यांना गुरं, दगड, माणसं शिकवली होती. ओल शिकवली नव्हती.

तिने रेडिओचं बटण दाबलं आणि शक्य तेवढ्या शांत आवाजात सांगितलं की पुढची भिंत ओली आहे, फुगली आहे, दगड येताहेत, थांबू या. आपला आवाज शांत आला नाही हे तिला बोलतानाच कळलं. धाकटा चौगुले, तिसऱ्या गाडीतला, म्हणाला की वैनींनी डोंगराचंही डायपर तपासलं. काका हसले. मग निहारचा आवाज आला, म्होरक्याचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पुढे पॉइंटवर थांबणारच आहोत, आठ मिनिटांत, तिथे बोलू. आणि थोडं थांबून, खास तिच्यासाठी, तो म्हणाला, “शाल्मली, श्वास घे.”

पॉइंट त्या भिंतीच्या पलीकडे होता.

तिने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. पाठ सीटला टेकवून, कंबरेतून जोर लावून. पेडल तळाला टेकलं. गाडी ताशी अठ्ठेचाळीसने जात राहिली. इंजिनाचा आवाजसुद्धा बदलला नाही. हँडब्रेकची तार पेटी बसवतानाच काढली होती. किल्लीला अर्थ नव्हता. दार माळेत उघडत नाही. वळसा संपत आला होता, आणि यानंतरचा रस्ता सरळ त्या भिंतीखाली जात होता.

तिच्या डोक्यात तेव्हा धाडस वगैरे काही आलं नाही. आला तो पेटी बसवणारा मेकॅनिक, आणि त्याने कागदावर सह्या घेताना भराभर वाचून दाखवलेल्या सूचना. बाकी कुणी ऐकत नव्हतं, ती एकटी ऐकत होती. लहान मुलाच्या खुर्चीचा पट्टा चालत्या गाडीत सुटला तर अख्खी माळ थांबते. तिथे भरवसा नाही, वजन नाही. कायद्यानेच तसं बांधलंय, असं तो म्हणाला होता, म्हणून बाळाला त्या बकलाशी खेळू देऊ नका ताई.

तिने स्टिअरिंग सोडलं. त्याला तिच्या हातांची गरज नव्हतीच. स्वतःचा पट्टा सैल करून ती कंबरेतून मागे वळली, डावा हात लांबवला, आणि बोटांना बकल लागलं. जुईने तो खेळ समजून तिची बोटं धरली. शाल्मलीचा हात थांबला. आयुष्यात कुठलंही बटण दाबताना तिला इतकं भ्यायला झालं नव्हतं. पट्टा सुटेल, गाडी थांबेल, आणि त्या दोन्हींच्या मधला काळ जुईला आईचा एक हात सोडून कशाचाही आधार नसेल.

“आईला घट्ट धर,” ती म्हणाली. “दोन्ही हातांनी.”

बकल सुटलं. तिने दंड जुईच्या छातीवर आडवा दाबला आणि सीटच्या पाठीला गाल लावून डोळे मिटले. सातही गाड्यांचे ब्रेक एकदम लागले. रबराचा वास, टायरांची लांब किंचाळी, खांद्यात वीज चमकल्यासारखी कळ. जुईचं कपाळ तिच्या कोपरावर आदळलं. मग सगळं थांबलं, आणि त्या शांततेत जुई श्वास कोंडून, चेहरा लाल करून, शेवटी रडली. ते रडणं ऐकल्यावर शाल्मलीने स्वतःचा श्वास सोडला.

दारं उघडली. माणसं उतरायला लागली. सगळ्यांत आधी पाचव्या गाडीतून डॉक्टर नसीमा मुजावर धावत आल्या. त्या दातांच्या डॉक्टर, पण त्यांनी जुईचे डोळे बघितले, मान हळूच फिरवून पाहिली, कपाळावरच्या टेंगळावर बोट ठेवलं आणि काही झालेलं नाही म्हणून सांगितलं. तोवर चौगुले बंधू पोचले होते. पडद्यावर थांबण्याचं कारण सगळ्यांनीच वाचलं होतं.

“वैनी, लेकराचा पट्टा तुम्ही सोडला?” थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. “चालत्या गाडीत?”

तिने मान हलवली. जुई तिच्या कडेवर होती, तिच्या कुडत्यात तोंड खुपसून हुंदके देत.

निहार पळत आला तो धापा टाकत. त्याने आधी जुईला घेतलं, टेंगूळ पाहिलं, पुन्हा शाल्मलीकडे पाहिलं. तो काहीतरी बोलणार होता, पण सगळे बघत होते. तिने हाताने समोर दाखवलं. पुढच्या वळणापलीकडे, चारशे मीटरांवर, भिंत उभी होती. ओला पट्टा इथून आणखी रुंद दिसत होता. सगळे बघत राहिले. एकही दगड पडला नाही.

“ओल आहे,” काका म्हणाले. “असतीया की. डोंगराला काय घाम येत नाही?”

धाकट्या चौगुलेने घड्याळ दाखवलं. दहाच्या आत खाली उतरलो नाही तर दंड आणि सहा महिने परवाना बंद. भिंतीखालून जायला वीस सेकंद लागतात, पण हे ठरवायला आपण वीस मिनिटं घालवणार, असं त्याचं म्हणणं. माळेतून सुटून एकट्याने जाणं शक्य नव्हतं, घाटात पेटी एकटी गाडी चालूच देत नाही. माणसं बोलावून गाड्या ओढायच्या म्हटलं तर त्यांना खालून यायला दुपार झाली असती. पुढे निघायला मात्र सकाळसारखेच सात होकार लागणार होते. थांबवायला तिचा पाय मोजला गेला नव्हता. निघायला तिचं बोट लागत होतं.

“मी देणार नाही,” शाल्मली म्हणाली.

निहार तिला दोन पावलं बाजूला घेऊन गेला. हळू आवाजात समजावू लागला, तोच नेहमीचा, घरात मध्यरात्री जुईचं नाक तपासायला ती उठायची तेव्हाचा समजूतदार आवाज. सगळ्यांना वेठीला धरल्यासारखं होतंय. तुला भीती वाटते हे मला कळतं, पण भीती म्हणजे पुरावा नव्हे. ती ऐकत होती. तो बरोबर बोलतोय असंही तिला वाटत होतं. खरंच काही नसेल. उद्या ती भिंत तशीच उभी असेल आणि क्लबात वर्षानुवर्षं सांगतील की सरनोबतांच्या बायकोने ओलीपायी पोरीचा पट्टा सोडला. तरीही तिचं बोट उठत नव्हतं.

तेवढ्यात लोहारसर आले. सहाव्या गाडीचे हे गृहस्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि क्लबाची कागदपत्रं सांभाळायचे. आणीबाणीत माळ थांबली की पेटीची नोंद उघडून नियंत्रण कक्षाला पाठवावी लागते, आणि नोंद उघडली की झाकलेले आकडेही उघडे पडतात. त्यांच्या हातात टॅब होता. ते पडद्याकडे बघत होते आणि वर बघायला तयार नव्हते.

“थांबण्याआधीच्या वीस सेकंदांत ब्रेक दाबले गेलेत,” ते म्हणाले. “एक नाही. चार.”



“सातव्या गाडीचा पहिला. मग पाचवीचा. मग माझा.” सरांनी घसा खाकरला. “मी दाबला होता. लागला नाही म्हणून वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल. बाकी सगळ्यांना ठीक वाटतंय तर.”

“मलाही तेच वाटलं,” नसीमाताई म्हणाल्या. त्या शाल्मलीकडे बघत होत्या. “तू रेडिओवर बोललीस त्यानंतर मी ब्रेकवर उभीच होते गं. आणि बोलले नाही.”

“आणि चौथा?” थोरल्या चौगुलेने विचारलं.

सरांनी टॅब निहारकडे धरला. निहारने तो घेतला नाही.

“मी दाबला होता,” तो म्हणाला. “वळसा संपताना. पूर्ण.”

शाल्मलीला आधी शब्दच नीट पोचले नाहीत. “मग बोलला नाहीस?”

“पुढच्याने काय बोलायचं?” तो जुईच्या पाठीवर हात फिरवत राहिला. “जुई झाल्यापासून माझाही पाय तिकडेच असतो. वर्षभर झालं, गाडी माझ्या पायाने थांबत नाही. मी नुसता पुढे बसतो.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. वर्षभर हा माणूस तिला श्वास घ्यायला सांगत होता.

सरांनी मग आकडे वाचले, वर्गात वाचावेत तसे, भावना न आणता. सातव्या गाडीचं वजन शंभरात एक. सहाव्या आणि पाचव्या गाडीचं तीन-तीन. पहिल्या गाडीचं पाच. चौगुले बंधूंचं तेरा आणि चौदा.

“आणि काका,” सर म्हणाले, “एकसष्ट.”

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांच्या हातात चिवड्याचा डबा होता.

“माझं काय?” काका म्हणाले. “मी तर ब्रेकला कधी पायसुद्धा लावत नाही. कंबर धरतीया. मांडी घालून बसतो मी.”

धाकटा चौगुले हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला. काकांनी डब्याचं झाकण लावलं. ते लावायला त्यांना दोनदा प्रयत्न करावे लागले.

शाल्मलीला ते सगळं एकदम समोर दिसलं, परीक्षेत गणित सुटावं तसं. घाटात समोर खरोखर काही येण्याचे प्रसंग किती? वर्षात एखादा. म्हणजे ज्याने ज्याने काळजीने पाय दाबला त्याचं वजन दर वेळी थोडं उतरत गेलं, आणि ते सगळं हळूहळू एका माणसाकडे साठत गेलं, ज्याने कधी काही केलंच नाही. पेटीला तो सगळ्यांत शांत माणूस वाटला होता. आणि चार मीटरांवर चाललेल्या माणसांना एकमेकांचे दाबलेले पाय दिसले नव्हते. प्रत्येकाला वाटलं, घाबरलेला मी एकटाच.

“सर, माळ मागे जाते ना?” तिने विचारलं.

जाते, सर म्हणाले. सावकाश, चालत्या माणसाच्या वेगाने. दीड किलोमीटर वर रुंद जागा आहे. पण वजनं तीच राहतील, हेही त्यांनी सांगितलं. उलट आणीबाणीचा थांबा सातव्या गाडीच्या खात्यावर लागला, म्हणजे तिचं होतं ते एकही आता उरलं नसावं. मागे जाताना सातवी गाडी सगळ्यांत पुढे, दरीच्या कडेने, आणि थांबवायचं ठरवणार काकांचा पाय.

“काका पाय खाली सोडतील,” नसीमाताई म्हणाल्या. “आणि आपण सगळे एकदम दाबू.”

एकदम म्हणजे कधी, ते कसं कळणार, असं थोरल्या चौगुलेने विचारलं. रेडिओ आता नियंत्रण कक्षासाठी राखून ठेवला होता, कक्षाने सोडेपर्यंत पेटी तो देणार नव्हती.

“काचा खाली घ्यायच्या,” शाल्मली म्हणाली. “मी ओरडेन. माझ्यापुढच्याने पुढे ओरडायचं. शेवटी निहारचा आवाज आला की सगळ्यांनी एकदम दाबायचं.”

कुणालाच ते फार शास्त्रशुद्ध वाटलं नाही. पण दुसरं काही कुणी सुचवलंही नाही. निहारने जुईला खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, ओढून पाहिला, आणि जाता जाता वळून पुन्हा एकदा ओढून पाहिला. काका गाडीत बसून सीटखाली हातांनी आपल्या चपला शोधत होते.

पडद्यावर नवा प्रश्न आला. तिने पहिलं बोट ठेवलं. सहावा ठिपका हिरवा झाला, मग पाचवा, पहिला. चौथा जरा वेळाने. दुसरा आणि तिसरा, चौगुल्यांचे, कितीतरी वेळ अंधारात राहिले. तिला वाटलं, ते दोघे आता पुढेच बघत असतील, त्या भिंतीकडे, आणि वीस सेकंदांचा हिशोब करत असतील. मग दोन्ही ठिपके बरोबरच उजळले.

माळ उलटी निघाली. तिने मान वळवून मागच्या काचेतून रस्ता धरला. जुई तिच्या तोंडाकडे बघत होती, अगदी जवळून. डावीकडे कठडा तुटलेला होता, तो तुकडा यायला लागला. तिने हळू म्हटलं, पण आवाज बाहेर गेलाच नाही. तिने खिडकीबाहेर डोकं काढलं आणि घशाच्या तळापासून ओरडली.

“हळू!”

लोहारसरांनी तो शब्द वर्गात मागच्या बाकापर्यंत टाकावा तसा पुढे टाकला. मग नसीमाताईंचा आवाज. मग काकांचा, घोगरा, “हळू वो.” मग चौगुल्यांचे दोन, जवळजवळ एकाच सुरात. ती पेडलवर पाय दाबून बसली होती, आणि गाडी अजून सरकतच होती. तुटका कठडा चाकापासून दोन हातांवर आला.

मग वळणाखालून, दिसत नव्हता तिथून, निहारचा आवाज आला, हळू, आणि गाडी हळू झाली.